उन्हाळी लीगमध्ये बढती-घसरण हवी का? कॅनडातल्या कॉलेज फुटबॉलपटूंच्या बाजूने एक चर्चा

टचलाइन (धागाकर्ता):

कॅनडातल्या कॉलेज फुटबॉलची मूळ अडचण हंगामाच्या लांबीची आहे. यू स्पोर्ट्सचे (कॅनडातल्या विद्यापीठांची क्रीडा संघटना) सामने ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात राष्ट्रीय स्पर्धा होऊन संपतात. अमेरिकेत एनसीएएत (तिथली कॉलेज क्रीडा संघटना) खेळायला गेलेल्या कॅनडियन मुलांचा हंगाम फार तर डिसेंबरपर्यंत लांबतो. म्हणजे अठरा ते बावीस या वयात, जेव्हा युरोपातला त्याच वयाचा खेळाडू वर्षाला तीस-चाळीस सामने खेळतो, तेव्हा आपला मुलगा आठ-नऊ महिने फक्त सराव करतो.

ही पोकळी भरायला उन्हाळी लीग आल्या. क्यूबेकमध्ये २०१२ पासून पीएलएसक्यू (तीच पुढे लीग वन क्यूबेक झाली), ऑन्टारिओत २०१४ पासून लीग वन ऑन्टारिओ, ब्रिटिश कोलंबियात २०२२ पासून, आणि अल्बर्टात २०२४ पासून पूर्ण हंगाम. थंडर बे चिलसारखा क्लब अमेरिकेच्या यूएसएल लीग टू या उन्हाळी लीगमध्ये खेळतो, कारण थंडर बेहून टोरांटो रस्त्याने १४०० किलोमीटरच्या आसपास आहे आणि मिनेसोटा त्या मानाने शेजारी.

माझा आक्षेप ऑन्टारिओपुरता आहे. २०२४ पासून तिथे तीन पायऱ्या केल्या: प्रीमियर, चॅम्पियनशिप आणि लीग टू. बढती-घसरण सुरू झाली, म्हणजे वर राहिलेले संघ वरच्या पायरीवर, तळाचे खालच्या. कागदावर हे युरोपसारखं, म्हणून छान दिसतं. पण प्रीमियरमध्ये बारा संघ, दुहेरी साखळी, म्हणजे बावीस सामने. आता प्रशिक्षकाच्या जागी बसून विचार करा. संघ तळाशी आहे, ऑगस्ट उजाडलाय. एनसीएएची मुलं महिन्याच्या सुरुवातीलाच कॉलेजच्या शिबिराला गेली, यू स्पोर्ट्सवाली त्यानंतर पंधरवड्यात जाणार. शेवटचे निर्णायक सामने कोण खेळणार? सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, नोकरी सांभाळून खेळणारा, कुठेही न जाणारा खेळाडू. मग तोच खेळाडू मे महिन्यापासून संघात का नको, असा विचार प्रशिक्षक करणारच. त्यात त्याची चूक नाही, रचनेची आहे.

माझं म्हणणं: या लीगचं पहिलं काम कॉलेज खेळाडूला सामने देणं हे असेल, तर वरच्या पायरीवरचा हंगाम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपवा, घसरण काढून टाका, आणि विद्यार्थी खेळाडूंच्या मिनिटांची किमान अट घाला.


डावा विंगर:

साफ असहमत.

घसरणीची टांगती तलवार नसलेला सामना म्हणजे मैत्रीपूर्ण सामना. ८५व्या मिनिटाला १-० ने पुढे असताना चेंडू कोपऱ्यात कसा धरायचा, रेफ्रीशी न भांडता वेळ कसा काढायचा, पिवळं कार्ड कधी परवडतं, हे सराव सत्रात शिकवता येत नाही. त्यासाठी हरण्याची किंमत असावी लागते.

कॉलेज फुटबॉलमध्ये तर हे मुळीच शिकता येत नाही, कारण तिथले नियमच वेगळे. एनसीएएत पहिल्या अर्धात बाहेर काढलेला खेळाडू त्या अर्धात परत येत नाही, पण दुसऱ्या अर्धासाठी पुन्हा उतरतो. आणि दुसऱ्या अर्धात बाहेर गेलेला एकदा परत येऊ शकतो. परिणाम काय? विंगर वीस मिनिटं जीव तोडून धावतो, बाहेर येतो, पाणी पितो, परत जातो. त्याला नव्वद मिनिटांत दमाचा हिशोब करायची सवयच लागत नाही. लीग वनमध्ये बाहेर गेलात की गेलात. सत्तराव्या मिनिटाला पाय जड झाले की कुठे उभं राहायचं, कोणता चेंडू सोडून द्यायचा, हे तिथे कळतं. व्यावसायिक क्लबचे स्काउट नेमकं हेच बघायला येतात.

उदाहरणं हवीत? ॲलिस्टर जॉन्स्टन सेंट जॉन्स आणि मग वेक फॉरेस्टला शिकत होता, उन्हाळ्यात व्हॉन अझुरीकडून लीग वन ऑन्टारिओत खेळायचा. २०२०च्या सुपरड्राफ्टमध्ये (एमएलएस या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे क्लब कॉलेज खेळाडू निवडतात तो) नॅशव्हिलने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं, पुढे मॉन्ट्रियल, मग सेल्टिक. टेजॉन ब्युकॅनन सिरॅक्यूजला होता, उन्हाळ्यात मिसिसागाच्या सिग्मा एफसीकडे. २०१९च्या ड्राफ्टमध्ये नववा. रिची लारिया ॲक्रनला, तोही सिग्माचा, २०१६ला सातवा. हे सगळे मोठ्या माणसांशी भिडून तयार झाले.


टचलाइन:

डावा विंगर, तुमची तिन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. जॉन्स्टन, ब्युकॅनन, लारिया तिघेही २०२४च्या आधी लीग वन ऑन्टारिओत खेळले. तेव्हा घसरण नव्हती! मोठ्या माणसांशी भिडायला मिळालं, पण प्रशिक्षकाला जागा टिकवायची भीती नव्हती, म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलाला चूक करूनही पुढच्या शनिवारी उतरवलं.

जोएल वॉटरमनचंही बघा. ट्रिनिटी वेस्टर्न विद्यापीठाचा खेळाडू, २०१८च्या उन्हाळ्यात कॅल्गरी फूटहिल्सकडून पीडीएलमध्ये (आजची यूएसएल लीग टू). फूटहिल्सने त्या वर्षी पीडीएल जिंकली. पीडीएलमध्ये घसरण कधीच नव्हती. मग सीपीएल (कॅनडाची व्यावसायिक लीग) आणि यू स्पोर्ट्सच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये कॅव्हलरी क्लबने त्याला घेतलं, २०२०च्या जानेवारीत तो मॉन्ट्रियलला गेला. सीपीएलमधून एमएलएसला विकला गेलेला तो पहिला खेळाडू. २०२२च्या विश्वचषकाच्या संघातही होता.


बर्नबीकर:

पश्चिम किनाऱ्यावरून थोडी भर घालतो. डावा विंगर म्हणतात की घसरण नसेल तर सामन्याला अर्थ नाही. ब्रिटिश कोलंबियात घसरण नाही आणि सामन्यांना भरपूर अर्थ आहे.

२०२२च्या पहिल्या हंगामात सात क्लब होते, प्रत्येकाचे बारा सामने. मे, जून, जुलै, संपलं. लीग मुद्दाम आखूड ठेवली, कारण जवळजवळ प्रत्येक संघाचा कणा विद्यापीठांतून येतो. युनिटी एफसी तर लँगलीत ट्रिनिटी वेस्टर्नच्या आवारातलाच होता. त्यातही विजेत्याला कॅनेडियन चॅम्पियनशिप या राष्ट्रीय चषकाचं दार उघडं. १९ एप्रिल २०२३ रोजी बर्नबीच्या टीएसएस रोव्हर्सने त्या स्पर्धेत विनिपेगच्या व्हॅलर एफसीला ३-१ हरवलं. प्रांतिक लीग वनच्या स्तरावरच्या क्लबने सीपीएलच्या व्यावसायिक क्लबला स्पर्धेबाहेर काढल्याची ती पहिलीच वेळ. त्या रात्री मैदानावर दबाव नव्हता असं कोण म्हणेल?

दबाव वरून खाली ढकलण्याच्या भीतीनेच येतो असं नाही, वर जायच्या संधीनेही येतो. दुसऱ्या प्रकारात प्रशिक्षक तरुण खेळाडूला जागा देतो, एवढा फरक.

आमच्याकडची खरी अडचण प्रवासाची आहे. बेटावरच्या व्हिक्टोरियाचा क्लब मेनलँडवर खेळायला येतो तेव्हा स्वार्ट्झ बे ते त्सावासन फेरीबोटच १ तास ३५ मिनिटांची, शिवाय रांगेत तासभर आधी. कॅमलूप्सहून बर्नबी साडेतीनशे किलोमीटर. पाच तास बसून मग सामना खेळलेला खेळाडू पहिल्या वीस मिनिटांत ताठलेला असतो. म्हणून अशा दिवशी दुपारी चारच्या आत सामना ठेवू नये, आणि बसमधून उतरल्यावर किमान नव्वद मिनिटं मोकळी हवीत.


सहा नंबरी:

मी बढती-घसरणीच्या बाजूने आहे, पण मला आधी टचलाइन यांच्या तिसऱ्या मागणीवर बोलायचंय, कारण किमान मिनिटांच्या अटीचं काय होतं ते सीपीएलमध्ये दिसतं.

सीपीएलची सुरुवात २०१९ला झाली तेव्हा प्रत्येक क्लबने २१ वर्षांखालच्या कॅनडियन खेळाडूंना हंगामात मिळून १००० मिनिटं द्यायची अट होती. ती वाढत वाढत २००० झाली. ऐकायला भरघोस वाटते. हिशोब करा. २८ सामने, सामन्याला ९० मिनिटं, मैदानावर ११ जण: एकूण २७,७२० मिनिटं. त्यातली २००० म्हणजे सात टक्के आणि थोडं वर. एकाच खेळाडूने २३ सामने पूर्ण खेळले की २०७० मिनिटं झाली, अट पूर्ण. बाकीची सगळी तरुण मंडळी बाकावर बसली तरी चालतं.

आणि ही मिनिटं कुठे दिली जातात? बाजूचा बचावपटू आणि विंगर. तिथे चूक झाली तर सावरायला मागे माणूस असतो. मधला बचावपटू, सहा नंबर (बचावफळीसमोरचा मधला खेळाडू), गोलकीपर या जागा, जिथे चुकीची किंमत थेट गोल, तिथे अटीखातर कोणी तरुण उतरवत नाही. म्हणजे अट घालून तुम्ही विंगर तयार कराल. कॅनडाकडे विंगर आधीच पुरेसे आहेत. मधल्या बचावफळीत माणसं कमी पडतात.

अट घालायचीच असेल तर सामना सुरू होताना मैदानावर अमुक इतके विद्यार्थी, आणि त्यातला किमान एक मधल्या कण्यातला, म्हणजे या तीन जागांपैकी एकीवरचा, अशी घाला. मिनिटांची बेरीज नको.


टचलाइन:

सहा नंबरी, मुद्दा पटला. मिनिटांची बेरीज मागे घेतो. सुरुवातीच्या अकरांत चार विद्यार्थी आणि त्यांतला एक कण्यातला, असं म्हणू. पण मग सांगा, घसरणीच्या भीतीत प्रशिक्षक हे मनापासून करेल, की कागदावर करून विसाव्या मिनिटाला बदलेल?


सहा नंबरी:

पाच बदल्यांतली एक विसाव्या मिनिटाला उडवणारा प्रशिक्षक घसरण असताना तर मुळीच टिकणार नाही. तोच त्याला आळा.

दुसरं, ऑन्टारिओच्या तिसऱ्या पायरीवर वरच्या क्लबांचे राखीव संघ खेळतात, हे तुम्ही गाळलंत. ज्या विद्यार्थ्याला प्रीमियरमध्ये जागा नाही, तो त्याच क्लबात, त्याच मैदानावर, त्याच सरावात राहून लीग टूचे सामने खेळू शकतो. बाकावर बसणं एवढाच पर्याय त्याच्यापुढे नाही. आज त्याला पूर्ण नव्वद मिनिटं मिळतात.


डावा विंगर:

+१. कॉलेज प्रशिक्षकालाही बाकावरच्या मुलापेक्षा खालच्या पायरीवर नव्वद मिनिटं खेळलेला मुलगा जास्त उपयोगाचा.


खारघर ते किचनर:

चर्चा रंगली आहे, पण ज्यांची मुलं किंवा भाचेमंडळी इथे शिकतात त्यांना बढती-घसरणीच्या आधी कागदपत्रं छळतात. हंगाम गमावणारे बहुतेक जण मैदानावर गमावत नाहीत. क्रमाने लिहितो.

पहिलं, पात्रता. यू स्पोर्ट्सच्या खेळाडूला सीपीएलच्या क्लबाशी विकासात्मक करार करता येतो: उन्हाळाभर व्यावसायिक संघात राहायचं, शरद ऋतूत विद्यापीठात परत, पाच वर्षांच्या पात्रतेला धक्का नाही. एनसीएएच्या खेळाडूने हेच केलं तर तो अपात्र होऊ शकतो. एकाच शहरातल्या दोन मुलांसाठी नियम उलटे आहेत. बर्नबीचं सायमन फ्रेझर विद्यापीठ कॅनडात असूनही एनसीएएच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतं, त्यामुळे तिथल्या मुलांना अमेरिकेचेच नियम लागू, हे पालकांच्या लक्षात राहत नाही.

दुसरं, एनसीएएच्या खेळाडूला उन्हाळी संघात खेळता येतं, पण १ मेच्या आधी नाही, आणि एका कॉलेजचे पाचपेक्षा जास्त खेळाडू एका बाहेरच्या संघात चालत नाहीत. सहावा खेळाडू नोंदवला की गोची सहाही जणांची. क्लबला हे माहीत असेल असं धरून चालू नका. आपल्या कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाडूंचं नियमपालन बघणारं कार्यालय) क्लबचं नाव, लीगचं नाव, काय काय मिळणार (प्रवास, जेवण, राहणं) हे ईमेलने कळवा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी 'चालेल' म्हणणाऱ्याचं पुढे काही जात नाही.

तिसरं, आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र. मागच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या क्लबकडून खेळलात, या उन्हाळ्यात ऑन्टारिओत यायचंय, तर अमेरिकेच्या संघटनेकडून हे प्रमाणपत्र लागतं, तुम्ही हौशी असलात तरी. अर्ज क्लब करतो, पण जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळलं नाही की घोडं अडतं. मराठी नावांत मधलं नाव वडिलांचं असतं, ते कधी लावलं जातं, कधी गाळलं जातं. दोन्ही देशांत नोंद एकसारखी करा. मार्चमध्ये सुरुवात करा.

चौथं आणि सगळ्यात दुखरं: पैसे. स्टडी परमिटवर आलेल्या मुलाला सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं (नोव्हेंबर २०२४पासून), ठरलेल्या मोठ्या सुट्टीत पूर्ण वेळ. म्हणजे वर्षभराची फी जमवायचा काळ तोच, जो लीगचा काळ. आठवड्यात तीन संध्याकाळी सराव आणि शनिवार-रविवारी सामना. गोदामातली संध्याकाळची पाळी आणि फुटबॉल एकत्र जमत नाही, जमवायला गेलं की रात्रपाळी करून सकाळी बस पकडणं येतं, आणि मग शरीर बोलतं.

यावर चालणारा तोडगा एकच दिसतो: क्लबनेच जुलै-ऑगस्टच्या मुलांच्या शिबिरांत प्रशिक्षक म्हणून काम द्यावं. सकाळी नऊ ते तीन शिबिर, संध्याकाळी सराव, त्याच मैदानावर. एनसीएएलाही हे चालतं, मात्र मोबदला प्रत्यक्ष केलेल्या कामाचा आणि बाजारभावानेच हवा. खेळाडू आहे म्हणून दुप्पट दिला तर तो खेळण्याचा पगार धरला जाईल. रेफ्रीचा परवाना काढून ठेवणं हाही चांगला मार्ग.


टचलाइन:

खारघर ते किचनर, फार उपयोगी प्रतिसाद. यातून माझाही मुद्दा पुढे जातो. हंगाम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपला, तर मुलाला उरलेल्या दिवसांत तरी पूर्ण वेळ काम करता येईल.


नॉर्डिक:

फिजिओच्या नजरेतून लिहितो. दोन्ही बाजू सामन्यांची संख्या मोजताहेत. दुखापत संख्येपेक्षा चढ-उताराने होते.

एनसीएएच्या मुलाचं वेळापत्रक बघा. एप्रिलअखेर वसंतातला सराव संपतो. मग परीक्षा, दोन-अडीच आठवडे खुर्चीत. मेच्या मध्यावर घरी परत, पहिल्याच शनिवारी लीगचा सामना, कृत्रिम मैदानावर, पूर्ण नव्वद मिनिटं. ६०व्या ते ७५व्या मिनिटाच्या दरम्यान मांडीमागचा स्नायू ओढला जातो. अशा दुखापती बहुतेक वेळा पूर्ण वेगाने धावताना होतात, आणि परीक्षेच्या काळात नेमकं तेच बंद असतं. जिम चालू असते, सायकल चालू असते, पण पूर्ण वेगाची धाव नसते. सायकलने दम टिकतो, मांडीमागच्या स्नायूला ताणाखाली काम करायची सवय टिकत नाही.

उपाय अवघड नाही. परीक्षेच्या आठवड्यांत दोनदा, वीस मिनिटं वॉर्म-अप करून, ३० मीटरच्या सहा ते आठ धावा, शेवटच्या तीन-चार जवळपास पूर्ण वेगाने, मध्ये दीड-दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. एवढ्याला पाऊण तास लागतो. आठवड्यातून एकदा-दोनदा नॉर्डिक हा मांडीमागच्या स्नायूचा व्यायाम: गुडघ्यांवर बसायचं, साथीदार घोटे धरतो, पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे जायचं. नवख्याने पाचच्या दोन फेऱ्या, त्यापुढे हळूहळू वाढवायचं. पहिल्या दिवशीच दहा-दहाच्या तीन फेऱ्या मारणारे दोन दिवस जिना उतरू शकत नाहीत आणि मग व्यायामच सोडून देतात. घरी आल्यावर पहिला सामना ४५ मिनिटं, दुसरा ६०, तिसरा ७५, चौथ्यापासून पूर्ण.

आता इथेच बढती-घसरणीचा संबंध येतो. चांगला खेळाडू अमेरिकेतून परत आला की गुणांच्या मागे लागलेला प्रशिक्षक त्याला पहिल्याच दिवशी ९० मिनिटं खेळवतो. लीग टू मध्ये उतरवून मिनिटं वाढवायची सोय आहे, सहा नंबरी म्हणतात ते खरं. ती वापरली तर उत्तमच. वापरणं न वापरणं मुख्य संघाच्या प्रशिक्षकाच्या हातात असतं, फिजिओच्या नाही.

दुसरा खड्डा जुलैअखेरचा. शेवटचा सामना शनिवारी, मंगळवारी कॉलेजचं शिबिर, तिथे दिवसाला दोन सत्रं. दोन्ही प्रशिक्षकांना एकमेकांचा हिशोब माहीत नसतो. सामन्यानंतर शरीराला ४८ ते ७२ तास लागतात. मधे किमान सात दिवस हलके ठेवा: पोहणं, हलकी धाव, एक वेगाचं छोटं सत्र. आणि उन्हाळ्यातल्या शेवटच्या चार आठवड्यांची मिनिटं, सराव सत्रं, कुठे काय दुखलं, हे एका पानावर लिहून कॉलेजच्या फिजिओला पाठवा. जीपीएस बनियन असेल तर वेगवान धावेचे मीटर जोडा, नसेल तर मिनिटंही पुरतात.

फिफाचा ११+ वॉर्म-अप फुकट आहे. तीन भाग, पंधरा व्यायाम, वीस मिनिटं: आठ मिनिटं हळू धाव, दहा मिनिटं ताकद-उडी-तोल, दोन मिनिटं वेगवान धाव. आठवड्यातून दोनदा नेमाने केला तर दुखापती बऱ्याच घटतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. बहुतेक संघ मधली दहा मिनिटं गाळतात, कारण ती कंटाळवाणी. फायदा मात्र त्याच दहा मिनिटांत आहे.

बुटांचं शेवटी. गोव्यात जसा पावसाळा मैदानांचं ठरवतो तसं इथे बर्फ ठरवतो, म्हणून बहुतेक मैदानं कृत्रिम. गवतासाठीचे लांब पात्यांचे एफजी बूट तिथे रुततात, पाय वळतो आणि तळवा वळत नाही. कृत्रिम मैदानासाठी आखूड, गोल, जास्त संख्येचे स्टड असलेले एजी तळ घ्या.


डावा विंगर:

नॉर्डिक, परीक्षेतल्या धावांचा मुद्दा प्रत्येक क्लबने नोंदणीच्या फॉर्मबरोबर छापून द्यावा असा आहे. पण यातून लीग आखूड करा असं निघत नाही. उलट मे ते जुलैमध्ये सामने कोंबले की आठवड्याला दोन-दोन येतात. बावीस सामने अठरा आठवड्यांत खेळणं शरीराला सोपं, की तेच बारा आठवड्यांत?


नॉर्डिक:

अठरा आठवड्यांत सोपं, निर्विवाद. म्हणूनच बावीस सामने बारा आठवड्यांत नकोत, बारा ते चौदा हवेत. टचलाइन यांनी लीग आखूड करताना सामने तेवढेच ठेवले तर मी त्यांच्या विरोधात.


टचलाइन:

बरोबर आहे. हंगाम आखूड करायचा तर सामनेही कमी करावे लागतील. बारा संघांचे सहा-सहाचे दोन गट, गटात दुहेरी साखळीचे दहा सामने, मग वरच्या तिघांचा आणि खालच्या तिघांचा वेगळा टप्पा, समोरच्या गटाशी प्रत्येकी तीन सामने. एकूण तेरा. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत बसतात.


सहा नंबरी:

तेरा सामन्यांत क्लबचं अर्थकारण बसत नाही. मैदानाचं भाडं, रेफ्री, फिजिओ, विमा हे थोडंफार सामन्यांगणिक, पण प्रशिक्षकाचं मानधन आणि लीगची फी हंगामाची. घरचे अकरा सामने आणि घरचे सहा-सात सामने यांत प्रायोजक किती मोजेल, याचा विचार करा.

क्लबने विद्यार्थ्याला का खेळवावं याचं एक आर्थिक कारण इथे कोणी काढलं नाही. फिफाच्या नियमांत खेळाडू पुढे पैसे मोजून आंतरराष्ट्रीय पातळीवर विकला गेला, तर त्या रकमेच्या पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवलेल्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ वर्षांच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, १६ ते २३च्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का, नोंदणीच्या दिवसांच्या प्रमाणात. दहा लाख डॉलरच्या व्यवहारात विसाव्या वर्षी पूर्ण वर्ष नोंद असलेल्या क्लबला पाच हजार डॉलर. फक्त उन्हाळ्याचे चार महिने नोंद असेल तर त्याचा तिसरा हिस्सा. बरेच क्लब हंगाम संपला की नोंदीकडे बघत नाहीत. खेळाडू विद्यापीठात असताना दुसऱ्या क्लबात गेलेला नसेल तर नोंद आपल्याकडेच राहील हे बघणं सचिवाचं काम आहे. पाच हजार डॉलरमध्ये राखीव संघाचं एका हंगामाचं बरंचसं मैदानभाडं निघतं.

सुपरड्राफ्टमधून गेलेल्या खेळाडूच्या वेळी काहीच मिळत नाही, कारण तिथे क्लबाला किंमतच मोजली जात नाही. पण तिथून पुढे त्याची युरोपात विक्री झाली की हिशोब सुरू होतो.


कुर्ल्याची कीपर:

सगळी चर्चा मुलांच्या लीगवर चाललीय. लीग वन ऑन्टारिओत महिलांचा विभाग २०१५पासून आहे आणि तिथे टचलाइन यांचा मुद्दा दुप्पट जोराने लागू होतो.

मुलांच्या संघात ऑगस्टनंतर उरणारे प्रौढ खेळाडू असतात. मुलींच्या संघांत जवळजवळ सगळ्याच विद्यार्थिनी. कारण साधं: २०२५च्या एप्रिलमध्ये नॉर्दर्न सुपर लीग सुरू होईपर्यंत कॅनडात महिलांची व्यावसायिक लीगच नव्हती. कॉलेज संपलं की परदेशी जा नाहीतर थांबा. त्यामुळे चोवीस ते अठ्ठावीस वयाची फळीच तयार झाली नाही. ऑगस्टमध्ये अशा संघातून एकदम बारा-तेरा जणी गेल्या की राखीव संघातल्या सतरा वर्षांच्या मुली घसरणीचे सामने खेळतात. त्या मुलींच्या गुडघ्यांचं काय? फुटबॉलमध्ये मुलींत एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतं. तयारी नसताना अचानक वरच्या वेगाच्या सामन्यात ढकलणं ही सगळ्यात वाईट वेळ.

म्हणून माझी मागणी टचलाइन यांच्याहून वेगळी: पुरुषांसाठी बढती-घसरण ठेवायची तर ठेवा, महिलांच्या विभागात गुणतक्ता जुलैअखेर गोठवा. बढती-घसरण त्या दिवशीच्या तक्त्यावर ठरवा. ऑगस्टचे सामने वेगळ्या चषकासाठी, तरुण मुलींना मोकळेपणाने खेळवून.

ब्रिटिश कोलंबियाची एक गोष्ट इथे घेण्यासारखी आहे: तिथे पुरुष आणि महिला दोन्ही संघांचे गुण एकत्र करून क्लबचं विजेतेपदही दिलं जातं. असं झालं की क्लब फिजिओ, चांगलं मैदान, सरावाची सोयीची वेळ हे सगळं फक्त मुलांना देऊन बसत नाही. सहा-सातची वेळ मुलांना आणि साडेआठ-दहाची मुलींना, हे बंद होतं.


डावा विंगर:

जुलैअखेर तक्ता गोठवायची कल्पना मला पुरुषांसाठीही चालेल. घसरणही राहते, विद्यार्थी असतानाच तिचा निकाल लागतो. बावीस सामन्यांतले सोळा-सतरा जुलैअखेर होतात, तेवढ्यावर ठरवायला हरकत नाही, मात्र तोपर्यंत प्रत्येक संघाचे घरचे-बाहेरचे सामने समान झालेले हवेत.


सहा नंबरी:

अट: प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी किमान एकदा गाठ पडलेली असावी. म्हणजे पहिली अकराची साखळी जूनच्या मध्यापर्यंत संपवायची आणि दुसऱ्या साखळीतले पाच सामने जुलैत. पाऊस किंवा विजांमुळे पुढे ढकललेल्या सामन्यांसाठी बुधवार राखून ठेवा, नाहीतर गोठवायच्या दिवशी कोणाचे पंधरा आणि कोणाचे सतरा असा घोळ होईल.


टचलाइन:

हे मला मान्य. घसरण काढून टाका या मागणीऐवजी ३१ जुलैचा तक्ता, सुरुवातीच्या अकरांत चार विद्यार्थी त्यांतला एक कण्यातला, आणि एनसीएएहून येणाऱ्यांसाठी पहिले तीन सामने नॉर्डिक यांच्या हिशोबाने, असं लिहून काढतो. महिलांच्या विभागासाठी कुर्ल्याची कीपर यांनी ऑगस्टच्या चषकाचा आराखडा द्यावा. खारघर ते किचनर, कंप्लायन्स ऑफिसला पाठवायच्या ईमेलचा मसुदा इथेच टाकाल का? नोंदणी मार्चमध्ये सुरू होते, त्याआधी मुलांच्या हाती पडायला हवा.


खारघर ते किचनर:

टाकतो. तोवर ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी, ईमेलमध्ये या गोष्टी हव्यात: खेळाडूचं पासपोर्टप्रमाणे नाव, क्लब आणि लीगचं नाव, पहिल्या आणि शेवटच्या सामन्याची तारीख, त्याच क्लबात आपल्या कॉलेजचे आणखी किती खेळाडू आहेत तो आकडा, क्लब कोणता खर्च देणार, संघात पगारी खेळाडू आहेत का, आणि शिबिरात काम करणार असाल तर ताशी दर. पगारी खेळाडूंचा प्रश्न क्लबला आधी विचारून घ्या. ऑफिस तो विचारतंच, आणि उत्तर नसेल तर फाइल तिथेच पडून राहते.